उद्याचा सातबारा कुणाच्या नावावर?

उद्या आधीच तयार आहे, असं सांगणाऱ्यांची मोठी टोळी या देशात आहे. पंचांगवाला सांगतो. देवळातला सांगतो. टीव्हीवर सकाळी सकाळी टिळा लावून बसलेला सांगतो. आमच्या रिंग खात्यातला जॉबर सांगतो, "तुझ्या नशिबात बदलीच हाय रे, परमनंट कशाला मागतोस?" आणि आता एक नवीनच जात निघालीय. इंग्रजी शिकलेला, सोवळं सोडलेला पण सोवळ्यातलं डोकं न सोडलेला बाबू. तो नशीब म्हणत नाही, आइनस्टाईन म्हणतो. विज्ञानानंच सिद्ध केलंय म्हणतो. भूत, वर्तमान, भविष्य सगळं एकदमच आहे. मग तुम्ही लोक कशाला उड्या मारता?

दोस्तहो, या सगळ्यांचा हिशेब एकदा चुकता केला पाहिजे. काळ म्हणजे काय, हा प्रश्न पोट भरलेल्यांनी दुपारी लोडाला टेकून चघळायचा प्रश्न नाही. उद्या जर आधीच लिहिलेला असेल तर तो कुणीतरी लिहिलाय. आणि लिहिण्या-वाचण्याचा ठेका हजारो वर्षं कुणाकडं होता, हे आपल्याला शिकवायला कुणा प्राध्यापकाची गरज नाही.

पहिल्यांदा बाबूचं ऐकून घेऊ. ऐकल्याशिवाय हाणायचं नाही.

१९०५ साली आइनस्टाईननं दाखवलं की "आत्ता" हा सगळ्या जगाचा एकच नसतो. समजा मी रिंग फ्रेमच्या एका बाजूनं गेटाकडं चाललोय, आणि दुसऱ्या बाजूनं माझा जोडीदार उलटा चाललाय. दोघं एकमेकांना ओलांडतो त्या क्षणी, आम्हाला दोघांना विचारा की पंचवीस लाख प्रकाशवर्षांवरच्या देवयानी दीर्घिकेत आत्ता काय घडतंय. गणितानं माझा "आत्ता" आणि त्याचा "आत्ता" यांच्यात काही दिवसांचा फरक पडतो. नुसत्या पायी चालण्यानं! म्हणजे तिथलं जे त्याच्या हिशेबानं अजून व्हायचंय, ते माझ्या हिशेबानं होऊन गेलंय. १९०८ साली मिन्कोवस्कीनं कोलोनच्या भाषणात जागा आणि काळ एकत्र विणून टाकले. १९६७ साली पटनम नावाच्या अमेरिकन तत्त्वज्ञानं यावरून निष्कर्ष काढला की भविष्यातल्या घटनाही खऱ्याच मानल्या पाहिजेत. सगळं विश्व एक अखंड ठोकळा. त्यात काही येत नाही, काही जात नाही. पुढच्याच वर्षी हॉवर्ड स्टाईननं त्याला उत्तर दिलं की, बाबा रे, हे त्या सिद्धांतातून निघत नाही. ते भांडण अजून मिटलेलं नाही. पण बाबू आपल्याला फक्त पटनमची बाजू सांगतो. स्टाईनचं नाव काढत नाही.

तो आइनस्टाईनचं पत्रही दाखवतो. १९५५ साली बेसो हा जुना मित्र वारला, तेव्हा त्याच्या घरच्यांना आइनस्टाईननं लिहिलं की भूत-वर्तमान-भविष्य हा भेद म्हणजे चिवट भ्रम आहे. अरे, मयताच्या घरी माणूस धीराचे दोन शब्द लिहितो. त्याच्यावर तुम्ही करोडो माणसांच्या उद्याचा निकाल लावता? ह्याच आइनस्टाईननं कार्नाप या तत्त्वज्ञाजवळ बोलून दाखवलं होतं की "आत्ता" हा प्रश्न आपल्याला छळतो, माणसाला तो वेगळा जाणवतो आणि भौतिकशास्त्राच्या चिमटीत तो सापडत नाही. हे बाबू सांगत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं तर गिळूनच टाकतो. आइनस्टाईनच्या गणितात "आत्ता" हलतो, पण कारण आणि परिणाम यांचा क्रम हलत नाही. मी चाती दाबून धरली आणि ती थांबली. आधी हात, मग थांबणं. विश्वातल्या कुठल्याही कोपऱ्यातून, कितीही वेगानं जाणाऱ्यानं बघितलं तरी हा क्रम उलटा दिसत नाही. देवयानीचा "आत्ता" सरकला म्हणून माझ्या हातातलं काही जात नाही. तिथली बातमी माझ्यापर्यंत यायला पंचवीस लाख वर्षं लागतात. बाबूला तीच बातमी आज सकाळी दलित वस्तीत वाटायचीय.

तरीही समजू, ठोकळा खराच आहे. तरीपण "मग कशाला उड्या मारता" हे त्यातून निघतच नाही. विणलेलं कापडाचं ठाण घ्या. ठाण पूर्ण आहे, म्हणून त्यात आडवा धागा नको होता असं कोण म्हणेल? आडवा धागा गेला म्हणूनच ते ठाण आहे. ठोकळ्यात जर महाडची ओंजळ असेल, तर माणसं उन्हातून चालत गेली म्हणून ती तिथं आहे. न चालता ओंजळ भरलेली असा ठोकळा कुठल्याच शास्त्रज्ञानं मांडलेला नाही. आणि त्या ठोकळ्याचं पान उलटून पुढचं वाचता येतं, असंही कुणी म्हटलेलं नाही. म्हणजे ठोकळा खरा ठरला तरी कुंडली खरी ठरत नाही!

कुंडलीचीही परीक्षा झालीय. जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सोबत्यांनी पुण्यात चाचणी घेतली. शंभर हुशार मुलं, शंभर मतिमंद मुलं, दोनशे पत्रिका. ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस दिल्या आणि म्हटलं, ओळखा कुठली कुणाची. सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली. बरोबर निघाली शंभरात सेहेचाळीस. आमच्या खात्यातल्या पोरानं नाणं उडवलं असतं तरी पन्नासाच्या आसपास आली असती. आणि २००१ साली याच देशात विद्यापीठ अनुदान आयोगानं ज्योतिषाला विज्ञान म्हणून पदवीच्या वर्गात बसवायचं ठरवलं, २००४ साली सुप्रीम कोर्टानं त्यात हात घालायला नकार दिला. २० ऑगस्ट २०१३ ला दाभोलकरांना पुण्यात गोळ्या घातल्या. नशिबावर इतकी श्रद्धा असलेल्या लोकांना बंदूक कशाला लागते?

आता जुन्या पोथीकडं वळू. छांदोग्य उपनिषद सांगतं की वाईट वागलेले कुत्र्याच्या, डुकराच्या नाहीतर चांडाळाच्या योनीत जातात. बघा, कुणाच्या रांगेत कुणाला बसवलंय. म्हणजे आपला जन्म हा निकाल, आणि खटला मागच्या जन्मी चालला. आरोपीला हजर ठेवलं नाही, साक्षीदार नाही, अपील नाही. बाबासाहेबांनी "बुद्ध आणि त्यांचा धम्म" मध्ये नेमकं इथं बोट ठेवलंय. मागच्या जन्मीच्या कर्माच्या या सिद्धांताचा एकच उपयोग दिसतो, तो म्हणजे गोरगरिबांच्या हालाची जबाबदारी समाजानं आणि सरकारनं झटकून टाकावी.

पण नियतीवाद एकट्या भटाचा नाही, हेही ध्यानात ठेवा. बुद्धाच्या काळात मक्खली गोसाल होता. यज्ञवाला नव्हता, श्रमणच होता. त्याचं स्वतःचं पुस्तक उरलेलं नाही, त्याचं म्हणणं विरोधकांच्या ग्रंथांतूनच कळतं. सामञ्ञफलसुत्तात ते असं दिलंय की सुताची गुंडी फेकली की ती जशी उलगडत संपते, तसं शहाणा काय नि मूर्ख काय, चौऱ्याऐंशी लाख महाकल्प फिरूनच सुटणार. प्रयत्नाला किंमत नाही. मी सूतगिरणीत काम करतो. मक्खलीला मी विचारलं असतं, बाबा, गुंडी उलगडते ते दिसलं तुला, पण ते सूत कातलं कुणी? गुंडाळलं कुणी? तुटलं तेव्हा सांधलं कुणी?

बुद्धानं या मताला केसांच्या कांबळ्याची उपमा दिली. विणलेल्या सगळ्या कपड्यांत वाईट. थंडीत गार, उन्हात गरम, वर घाणेरडा वास. दुसऱ्या एका सुत्तात तीन मतं एका फटक्यात उडवली. सगळं मागच्या कर्मानं होतं हे एक, सगळं ईश्वर करतो हे दुसरं, सगळं बिनकारणच होतं हे तिसरं. कारण तिन्हींचा शेवट एकच, माणूस हात जोडून बसतो. बुद्धाचं म्हणणं साधं. हे असलं तर ते होतं, हे हटवलं तर ते हटतं. म्हणजे कारण शोधा आणि कारणाला हात घाला.

पुढं बौद्ध भिक्खूंमध्येही यावर जुंपली. सर्वास्तिवादी म्हणायचे, भूत-भविष्य-वर्तमान तिन्ही आहेत. नसतील तर गेलेल्या कर्माचं फळ मिळतं कसं? थेरवाद्यांनी कथावत्थूत त्याला विरोध केला, वसुबंधूनं अभिधर्मकोशात चिरफाड केली, नागार्जुनानं काळावर अख्खं प्रकरण लिहिलं. दीड-दोन हजार वर्षांपूर्वी चिवर घातलेली माणसं ह्यावर रात्री जागवत होती. तेव्हा काळाचं तत्त्वज्ञान हे आपल्या घरचं भांडण आहे. बाबूनं आपल्याला ते नव्यानं शिकवू नये.

आता पुरावा. पोथीतला नाही, जमिनीवरचा.

गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी कुठल्या ग्रहानं दिली नाही. नारायण मेघाजी लोखंडे या सत्यशोधकानं १८८४ साली गिरणी कामगारांची सभा घेतली, मागण्या मांडल्या. १० जून १८९० ला मालकांनी रविवार कबूल केला. मध्ये सहा वर्षं. तो रविवार पुढं कुठं तयार होऊन बसला नव्हता. तो कातावा लागला. १ जानेवारी १९०६ ला सरकारनं मुंबईच्या वेळेपेक्षा ३९ मिनिटं पुढची नवी वेळ लावली, तेव्हा त्या महिन्यात हजारो गिरणी कामगारांनी साचे सोडून गिरण्यांवर दगड घातले. काळ म्हणजे काय हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. पण आपल्या अंगावरून काळ कोण फिरवतो, हे त्यांना चांगलं कळत होतं.

महाडचं बघा. १९२३ साली बोल्यांचा ठराव कौन्सिलात पास झाला. १९२४ साली महाड नगरपालिकेनं तळं खुलं केलं, कागदावर. कागदावर लिहिलेलं भविष्य ते! तीन वर्षं एका ओठाला पाणी लागलं नाही. २० मार्च १९२७ ला माणसं गेली आणि पाण्यात हात घातला. मग मार खाल्ला, कोर्टात उभे राहिले, आणि १७ मार्च १९३७ ला हायकोर्टात जिंकले. लिहिलेलं आणि घडलेलं यांच्यात जो खड्डा असतो, तो माणसांनीच भरावा लागतो.

येवल्याला १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेब म्हणाले की हिंदू म्हणून मरणार नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात ते खरं झालं. एकवीस वर्षं. ज्योतिषी याला भाकीत म्हणेल. हे भाकीत नाही रे, हा शब्द आहे! भाकितात माणूस वाट बघत बसतो. शब्द दिला की माणूस कामाला लागतो. दोन्ही उद्याविषयीच बोलतात, पण एकात तू प्रेक्षक आणि दुसऱ्यात तू जामीन.

डाव्या कॉम्रेडांनाही सांगायचंय. तुम्ही पंचांग फेकलंत आणि त्या जागी इतिहासाचा अटळ नियम टांगलात. क्रांती येणारच, म्हणता. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. संप चुकला असं मी म्हणत नाही, त्या माणसांच्या पोटाला जे पडलं त्यावर बोलायची माझी लायकी नाही. पण इतिहास धावून आला नाही. गिरणगावात आज टॉवर आणि मॉल उभे आहेत. "येणारच" हा शब्द सोडा. तो आपल्याला झोपवतो.

आणि मालकाचं बघितलंय का? नशीब फक्त कामगारापुरतं असतं. मालक कापसाचा वायदा करतो, गिरणीचा विमा उतरवतो, कंत्राटात शंभर कलमं घालतो. त्याला पक्कं माहीत असतं की उद्या मोकळा आहे, म्हणून आजच कुंपण घालतो. सगळं ठरलेलंच असेल तर सूत आपोआप सांधलं जाईल की! मग तिसऱ्या पाळीत मला डुलकी लागली तर पगार कशाला कापता?

शेवटचं, आपल्या माणसांना. हे जास्त कडू आहे. भिंतीवर बुद्ध, शेजारी बाबासाहेब, बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ. आणि पोरीचं लग्न ठरायला आलं की मागच्या दारानं पत्रिका जुळवायला जाता. घर घ्यायचं तर मुहूर्त बघता. पोरगा नापास झाला तर शनि. अरे, ज्या पुस्तकात तुमची जागा कुत्र्या-डुकराच्या रांगेत लिहिलीय, त्याच दुकानात तुम्ही पोरीचा उद्या विचारायला जाता? एखाद्या पोरीला मंगळ निघाला म्हणून ती घरात बसून राहते, तेव्हा तिचा उद्या ग्रहानं खाल्लेला नसतो. तुम्ही खाल्लेला असतो.

म्हणून साधं काम सांगतो. पत्रिका मागणाऱ्या घरात पोरगी देऊ नका, पोरगा देऊ नका. घरात असेल ती पत्रिका चुलीत घाला. नशिबाचं नाव घेणाऱ्या जॉबरला विचारा की हजेरीचं रजिस्टर कोण लिहितो, आणि लिहिणाऱ्याचं नाव घेऊन युनियनमध्ये बोला. पोरांना विज्ञान शिकवा, आइनस्टाईनसुद्धा शिकवा, नीट, दोन्ही बाजूंनी.

उद्या मोकळा आहे म्हणजे चांगलाच असेल असं नाही. बेकार असू शकतो, आजच्याहून वाईट असू शकतो. हरण्याचीही खात्री नाही आणि जिंकण्याचीही नाही. पण सातबाऱ्यावर अजून कुणाचं नाव चढलेलं नाही. तलाठी आपलं नाव आपणहून लिहील, ही आशा मात्र सोडा.

जय भीम.