नेट मंद नव्हतं, भिंत जाड होती



मागच्या चातुर्मासात आमच्या घरी रोज सकाळी एकच हाक यायची, "बिंदणी, ते चाक पुन्हा फिरायला लागलं गं!"

चाक म्हणजे टीव्हीवर मधोमध गरगरणारं ते गोल. सासूबाईंच्या खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या मागच्या खोलीतच असतात. ज्या बाईने चाळीस वर्षं चातुर्मासातलं प्रवचन चुकवलं नाही, तिला आता स्थानकाची पायरी चढता येत नाही. म्हणून मुलाने पुण्याच्या प्रवचनाचं थेट प्रक्षेपण टीव्हीवर लावून दिलं. आपल्यात काही साधू-साध्वी माईकसुद्धा वापरत नाहीत, त्यामुळे सासूबाईंना आधी हे पटतच नव्हतं. मग त्यांनी स्वतःच नियम केला: प्रवचन ऐकायचं, टीव्ही बंद करायचा आणि मगच सामायिक घ्यायची. सामायिकात टीव्ही नाही.

पण प्रवचन पाच मिनिटं चालायचं आणि थांबायचं. महासतीजींचं वाक्य अर्ध्यावर तुटायचं. एकदा त्या म्हणाल्या, "राहू दे, माझ्या नशिबात नाही." ते मला लागलं. नशिबाचा दोष असेल तर असो, पण आधी राउटरचा आहे का ते बघायला नको?

घरात प्रत्येकाचं मत तयार होतं. आमचे हे म्हणाले, कंपनी लुटते. पुतण्या म्हणाला, "काकू, मोठा प्लॅन घ्या." घेतला. ५० एमबीपीएसचा १०० झाला, बिल वाढलं, चाक तसंच. मग तक्रार केली. गेवराईहून मुलगा आला, दुकानात राउटरजवळ उभा राहून त्याने वेग मोजला, "काकू, सगळं ओके आहे," म्हणाला आणि गेला. मला राग आला. नंतर कळलं, तो खोटं बोलत नव्हता. त्याने फक्त राउटरजवळ मोजलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मोबाईल हातात घेऊन घरभर फिरले. दुकानाच्या गल्ल्यापाशी वेग ९० च्या वर. ओसरीवर ४०. स्वयंपाकघरात १२. सासूबाईंच्या खोलीत कधी ३, कधी काहीच नाही. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला: नेट आमच्या दारापर्यंत नीट येत होतं, घरात हरवत होतं.

आमचं घर जुनं, धाब्याचं. दगड-मातीच्या दोन-दोन फुटी भिंती. चकलांब्यात अशी घरं अजून आहेत. उन्हाळ्यात तीच भिंत ऊन अडवते म्हणून आपण तिचं कौतुक करतो. ती वायफायही अडवते, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

आता थोडं शिकलेलं सांगते. हल्लीच्या बऱ्याच राउटरमधून दोन लहरी निघतात, एक २.४ गीगाहर्ट्झची आणि एक ५ गीगाहर्ट्झची. म्हणून मोबाईलमध्ये आपल्याच घराची दोन नावं दिसतात, एकाच्या शेवटी ५जी असतं. हे ५जी म्हणजे मोबाईलचं ५जी नव्हे. मोबाईलचं ५जी म्हणजे पाचवी पिढी, राउटरवरचं ५ म्हणजे लहरीचा आकडा. पुतण्याने "फाईव्ह जी फास्ट असतं" म्हणून टीव्ही त्यालाच जोडला होता. वेगवान ती आहेच, पण मोकळ्या जागेत आणि जवळून. जाड भिंत आली की ती लवकर दमते. २.४ ची लहर हळू, पण भिंतीतून जास्त लांब पोहोचते.

मग टीव्ही २.४ ला जोडला. बराच फरक पडला. पण साडेनऊच्या सुमारास पुन्हा चाक. दोन दिवस निरखून पाहिलं. त्याच वेळी मी मायक्रोवेव्हमध्ये दूध गरम करायची! मायक्रोवेव्हही २.४ च्या आसपासच चालतो आणि त्यातून थोडी गळती झाली तरी शेजारची लहर गडबडते. दूध गॅसवर ठेवलं, तो प्रश्न मिटला.

या २.४ मध्ये गर्दीही फार. २००५ साली सरकारने ही लहर विनापरवाना वापरायला मोकळी केली, म्हणून शेजारच्यांचा राउटर, ब्लूटूथ, सगळे तिथेच. गावच्या आडावर सगळ्यांनी एकदम पोहरे सोडावेत तसं. राउटरच्या सेटिंगमध्ये चॅनल निवडता येतं. तिथे १, ६ आणि ११ हे तीनच एकमेकांच्या अंगावर येत नाहीत. शेजारी ६ वर असतील तर आपण १ किंवा ११ घ्यावं. सेटिंग उघडायचा पत्ता राउटरच्या तळाशी लिहिलेला असतो. घाबरण्यासारखं त्यात काही नाही, फक्त बदलण्याआधी जुन्या सेटिंगचा फोटो काढून ठेवा.

तिसरी चूक जागेची. आमचा राउटर दुकानात खाली, लोखंडी कपाटाच्या मागे होता, 'दिसायला नको' म्हणून. लोखंड लहर परतवतं. तो उचलून ओसरीवर, उंच फळीवर उघडा ठेवला. सोबत इन्व्हर्टरची लाईन दिली, म्हणजे वीज गेली तरी नेट जात नाही. ओसरी घराच्या मधोमध, तिथून सगळीकडे सारखं पोहोचतं.

आणि शेवटचा, खरा इलाज: वायर. ओसरीपासून सासूबाईंच्या टीव्हीपर्यंत साधी लॅन केबल टाकली, वीसेक मीटर. ही केबल शंभर मीटरपर्यंत चालते. उंदीर कुरतडतात म्हणून पाईपमधून नेली, म्हणजे वायरही वाचते आणि उंदरांसाठी औषध ठेवायची पाळीही येत नाही. त्या दिवसापासून चाक नाही.

माझं मत आता पक्कं झालंय. जी वस्तू जागची हलत नाही, तिला वायर द्यावी. टीव्ही काय घरभर फिरणार आहे? राउटरजवळचे मोबाईल ५ वर, लांबचे २.४ वर. स्पष्ट चित्राच्या एका टीव्हीला साधारण ५ एमबीपीएस पुरतात. म्हणजे आमचा जुना प्लॅनही भरपूर होता. तो परत घेतला. भिंतीने अडवलेलं पाणी मोठा नळ घेऊन पुढे जात नाही. गरज नसताना मोठं घेणं, हाही परिग्रहच की. कुणी सिग्नल पुढे ढकलणारं रिपीटर घ्यायला सांगितलं तर आधी विचारा, सिग्नल त्याच्यापर्यंत तरी नीट पोहोचतोय का? स्वस्तातले बरेच रिपीटर एकाच लहरीवर घेतात आणि त्याच लहरीवर देतात, त्यात वेग निम्मा होतो. आणि वायर टाकायला जमत नसेल तर टीव्हीवर चित्राची प्रत कमी करा, ४८० पुरे. प्रवचन ऐकायचं असतं. थेट प्रक्षेपणात पुढचं साठवून ठेवायला फार वाव नसतो, म्हणून तिथे चाक जास्त फिरतं. आधी झालेलं प्रवचन त्याच नेटवर नीट चालतं.

पण खरी गोष्ट वेगळीच सांगायची होती. दीड महिना आम्ही घरातल्या बायका 'हे पोरांचं काम' म्हणून गप्प बसलो. राउटरचा पासवर्डही मला माहीत नव्हता. आणि घराची कोणती भिंत जाड, किती वाजता कोण काय लावतं, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक असतं? गेवराईच्या मुलाला नव्हतं, पुतण्याला नव्हतं. बिघाड शोधायला लागते ती नजर आपल्याकडे आहे. फक्त आपण ती वापरत नाही.

पर्युषणाच्या पहिल्या दिवशी सासूबाईंनी सलग पूर्ण प्रवचन ऐकलं. टीव्ही बंद करायला लावला. मग म्हणाल्या, "ऐकलं गं, पण वंदना राहिली." खरंय. केबलने आवाज येतो, स्थानक येत नाही. म्हणून संवत्सरीला शेजारच्या बायकाच आमच्या ओसरीवर प्रतिक्रमणाला आल्या, आणि त्या वेळी राउटर बंद होता.

यंदा पर्युषणाआधी एक करा. मोबाईल घेऊन आपल्या घरात एक फेरी मारा. आणि शेजारी कुणी अंथरुणाला खिळलेली आजी असेल, तर तिच्या घरातही.