गहू बुटका कशाने झाला?



परवा परिसर अभ्यासाच्या तासाला चौथीतल्या एका मुलाने विचारलं, “गुरुजी, आजोबा म्हणतात, त्यांच्या वडिलांच्या शेतातला गहू माणसाच्या छातीला लागायचा. आमचा तर कमरेशीच थांबतो. जमिनीचा कस गेला का हो?”

नाही रे बाबा! गंमत बियाण्यात आहे.

रोपाच्या पेशींत ‘डेला’ नावाची प्रथिने असतात. त्यांचं काम वाढीला ब्रेक लावायचं. वाढायची वेळ आली की रोप ‘जिबरेलिन’ हे संप्रेरक तयार करतं. तुम्हांला वाटेल, ते रोपाला वर ढकलत असेल. छे! ते ब्रेकच काढायला लावतं. जिबरेलिन पेशीतल्या एका प्रथिनाला जाऊन चिकटतं आणि ती जोडगोळी डेलाला पकडते. मग पेशी डेलाला ‘युबिक्विटिन’ नावाच्या चिमुकल्या प्रथिनांची माळ घालते. ही हाराची माळ नव्हे हं, ‘मोडीत काढा’ अशी चिठ्ठी! प्रोटिअसोम नावाच्या पिंपासारख्या यंत्रात त्या डेलाचे तुकडे होतात. ब्रेक सुटला, रोप वाढलं!

जिबरेलिनचा माग लागला तो एका रोगामुळे. जपानमध्ये भाताची काही रोपं उंचच उंच वाढून मरायची. शेतकरी त्यांना ‘वेडी रोपं’ म्हणत. हा प्रताप एका बुरशीतून स्रवणाऱ्या पदार्थाचा आहे, हे १९२६ साली कुरोसावा या शास्त्रज्ञांनी दाखवलं. तो पदार्थ म्हणजेच जिबरेलिन.

आता आपल्या गव्हाकडे वळू. जुना उंच गहू भरपूर खत दिलं की ओंब्यांच्या भाराने लोळायचा आणि हातचं पीक जायचं. नॉर्मन बोरलॉग यांनी मेक्सिकोत जपानच्या ‘नोरिन १०’ या बुटक्या गव्हापासून नवे वाण तयार केले. दुष्काळाच्या दिवसांत, १९६६ साली, भारताने त्या वाणांचं १८,००० टन बियाणं आणलं. आखूड काडीने जड ओंब्या पेलल्या आणि देशाची कोठारं भरू लागली.

तो गहू बुटका का, हे मात्र १९९९ साली उलगडलं. जोडगोळीने डेलाला जिथे धरायचं, तेवढाच भाग या गव्हाच्या डेलात नसतो! मग पकडणार कसं? चिठ्ठी लागत नाही, ब्रेक टिकून राहतो.

म्हणजे एक प्रथिन मोडीत गेलं नाही, म्हणून कितीतरी घरांत पोळी भाजली गेली.

यंदा गहू ओंबीला आला की शेतात जा, पट्टीने उंची मोजा आणि आजी-आजोबांना पूर्वीची उंची विचारा. फरक किती निघाला, कळवाल ना?