नाकातले रक्त आणि भूलतज्ज्ञाची मुखत्यारी

सायनसच्या शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयाची पायरी चढणारा गृहस्थ शल्यविशारदाच्या लौकिकाची दहा ठिकाणी चौकशी करतो. परंतु आपल्याला भूल कोण देणार, हे बहुधा त्याला बिलाच्या कागदावरूनच प्रथम कळते. अन्यत्र ही उपेक्षा एक वेळ क्षम्य मानता येईल. नाकातून दुर्बीण घालून करावयाच्या या शस्त्रक्रियेत मात्र ती मुळीच परवडणारी नाही. दुर्बीण अवघी चार मिलिमीटर जाडीची, आणि पलीकडे डोळ्याची खोबण इतक्या पातळ हाडाआड, की शरीरशास्त्रज्ञांनी त्याच्या लॅटिन नावातच कागद घातला आहे; अशा ठिकाणी भिंगावर आलेला रक्ताचा एक थेंबही शल्यकाला आंधळा करतो.

म्हणून रक्तदाब हेतुपुरस्सर उतरविण्याची तजवीज करतात. कल्पना जुनी आहे. हार्वे कुशिंग यांनी ती 1917 मध्ये मांडली, आणि 1946 मध्ये गार्डनर यांनी तर रोहिणीतून रक्तच काढून घेऊन दाब उतरविला व मागाहून ते रक्त परत दिले. चोराच्या भयाने घरधन्याने आपली तिजोरी शेजाऱ्याकडे नेऊन ठेवावी, तशातलाच हा प्रकार!

पुढे औषधे आली, आणि त्यांनी एक मौजेचा धडा शिकविला. नायट्रोप्रुसाइड रक्तवाहिन्या सैलावून दाब झटकन उतरविते खरे, पण दाब उतरल्याची वर्दी मिळताच हृदय धावू लागते आणि सैलावलेल्या केशवाहिन्यांतून रक्त पाझरतच राहते. उलट, हृदयाची गती आवरणाऱ्या एस्मोलॉलने दाब माफकच उतरूनही शस्त्रक्रियेचे क्षेत्र अधिक स्वच्छ राहते, असे बोझार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1995 मध्ये दाखवून दिले. आज प्रोपोफॉल व रेमिफेंटानिल शिरेतून देऊन किंवा डेक्समेडेटोमिडीनची जोड देऊन जे साधतात, त्याचे मर्मही हेच, की हृदय संथ चालावे. आकडा हे साध्य नव्हे.

तरीही, ‘प्रेशर अजून खाली आणा’ असा हुकूम टेबलाच्या एका बाजूने सुटतो आणि दुसरी बाजू तो मुकाट्याने बजावते, याला माझी हरकत आहे. सरासरी दाब साठ ते सत्तरच्या दरम्यान राखणे निरोगी तरुणाला सहसा मानवते. पण ज्याचा मेंदू वर्षानुवर्षे चढ्या दाबाला सरावला आहे, त्याला तोच आकडा उपासमारीचा ठरू शकतो. शिवाय रक्त कमी यावे म्हणून टेबलाचे डोके उचललेले असते, आणि दंडावरचा पट्टा हृदयाच्या पातळीचा दाब सांगतो, मेंदूच्या नव्हे. मस्तक हृदयाहून तेरा सेंटिमीटर उंच असेल, तर तेथे पोहोचणारा दाब सुमारे दहाने कमी भरतो. पडद्यावर साठ दिसत असता मेंदूच्या वाट्याला पन्नासच येतात, हा हिशेब मांडणारा माणूस त्या दालनात एकच असतो, आणि मर्यादा ठरविण्याची मुखत्यारी त्याचीच असली पाहिजे. शल्यकाने त्याहून अधिक स्वच्छता मागितली, तर अॅड्रिनॅलिनच्या पट्ट्या पुन्हा ठेवाव्यात, थोडे थांबावे, प्रसंगी उरलेले काम दुसऱ्या दिवसावर टाकावे.

रुग्णानेही आदल्या दिवशी भूलतज्ज्ञाची भेट मागून घ्यावी, आपला नेहमीचा दाब आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची कैफियत त्याच्यापुढे मांडावी, आणि दाब कोठवर उतरविणार, हे विचारून तो आकडा केसपेपरवर लिहून घ्यावा.