पोरानं पंप उघडला म्हणून



पेरण्या उरकल्या, पीक हातभर वर आलं, आता फवारणीची घाई सुरू आहे. अशा गडबडीत एका ताईंचं पत्र आलं. त्यांचा मुलगा आठवीत आहे. घरातली एक वस्तू तो धड ठेवत नाही. आधी बॅटरी उघडली, मग टेबलफॅन. परवा तर ऐन फवारणीच्या सकाळी बॅटरीवरच्या पंपाची मोटार सुटी करून बसला. वडिलांनी त्याला बडवून काढलं. त्यात शाळेत रोबोटचा, म्हणजे यंत्रमानवाचा, वर्ग निघालाय आणि पोराला त्यात जायचंय. वडील म्हणतात, "आपल्याला रान नांगरायचंय, रोबोट काय करायचाय?" ताई विचारतात, मी कुणाची बाजू घेऊ?

ताई, आधी मालकांची बाजू सांगतो. फवारणीच्या दिवशी पंप सुटा पडला तर किडीला सुट्टी मिळते आणि आपल्याला भुर्दंड. त्यांचा राग खोटा नाही. पण राग दिवसावर होता की उघडण्यावर, एवढं त्यांना शांतपणे विचारा. दिवस चुकला हे खरं. उघडणं मात्र चुकलेलं नाही.

आता रोबोट म्हणजे काय ते पाहू. सिनेमातला चालता-बोलता लोखंडी माणूस डोळ्यांसमोर आणू नका. ज्या यंत्राला आजूबाजूचं काही कळतं, त्यावरून काय करायचं ते ठरतं आणि मग ते हालचाल करतं, तो रोबोट. कळणं, ठरवणं आणि करणं, या तीन गोष्टी. तुमच्या विहिरीवरच्या स्टार्टरला ऑटो बसवलाय ना? रात्री वीज आली की त्याला कळतं, थोडं थांबून तो मोटार चालू करतो. तुम्ही घरात झोपलेले असता. म्हणजे अर्धा रोबोट तुमच्या शेतावर केव्हाच कामाला लागलाय. तो कसा चालतो हे घरातल्या कुणाला ठाऊक नसतं, म्हणून तो बिघडला की आपण तालुक्याच्या गावी धावतो. आता कुणी तरी तो उघडून पाहायला निघालंय, तर त्याला मार मिळतो!

तुम्हाला एक खरी हकिकत सांगतो. अमेरिकेत ॲरिझोना नावाचं वाळवंटी राज्य आहे. तिथल्या फिनिक्स शहरात कार्ल हेडन नावाची सरकारी शाळा आहे, गरिबांच्या वस्तीतली. २००४ साली तिथल्या चार मुलांनी पाण्याखाली चालणाऱ्या रोबोटच्या स्पर्धेत उतरायचं ठरवलं. ही मुलं मेक्सिकोतून आलेल्या कष्टकरी कुटुंबांतली. आपल्याकडे ऊसतोडीला टोळ्या निघतात, तसे पोटामागे घर सोडून आलेले हे लोक. शिवाय मुलांकडे त्या देशात राहण्याची कागदपत्रंही नव्हती. फ्रेडी लाजवर्दी आणि ॲलन कॅमेरॉन हे दोन शिक्षक मात्र शाळा सुटल्यावर त्यांच्यासोबत थांबत.

पैसा नव्हता. जेमतेम आठशे डॉलरचा खर्च. सांगाडा कशाचा केला म्हणाल? आपण पाण्याची लाईन टाकतो त्या पीव्हीसी पाइपचा. पाइप जोडायच्या सोल्युशनचा वास इतका उग्र होता, की मुलांनी यंत्राचं नावच 'स्टिंकी', म्हणजे वासमाऱ्या, ठेवलं. स्पर्धेत शाळांचा एक गट होता आणि कॉलेजांचा एक. यांनी कॉलेजांचा गट निवडला. विचार साधा होता. मोठ्यांकडून हरलो तर कुणी हसणार नाही.

स्पर्धा कॅलिफोर्नियात, सांता बार्बराच्या विद्यापीठाच्या तलावात होती. समोर एमआयटी, जगातलं नावाजलेलं इंजिनियरिंगचं विद्यापीठ. त्यांच्या यंत्राचा खर्च दहा हजार डॉलरच्या वर. आणि ऐन वेळी यांच्या यंत्रात पाणी शिरू लागलं. विजेचे सगळे सर्किट एका प्लास्टिकच्या पेटीत होते, तिलाच गळती. नवी पेटी आणायला वेळ नव्हता. पाणी शोषेल असं काय मिळेल? एका मुलाला सुचलं, बायका महिन्याच्या अडचणीत वापरतात ते कापसाचे बोळे. लाजत-लाजत तो दुकानात गेला, बोळे आणले आणि पेटीत ठासले. गळलेलं पाणी त्यांनी पिऊन टाकलं आणि सर्किट कोरडे राहिले.

बुडालेल्या पाणबुडीचा एक नमुना तलावात ठेवला होता. त्याची मापं घ्यायची, तिथल्या पिंपातल्या द्रवाचा नमुना वर आणायचा, अशी कामं होती. द्रवाचं काम एमआयटीला साधलं नाही, या पोरांना साधलं. परीक्षकांनी खोदून खोदून प्रश्न विचारले आणि मुलांनी नीट उत्तरं दिली, कारण प्रत्येक तुकडा स्वतःच्या हातांनी जोडलेला होता. पहिला नंबर कार्ल हेडन शाळेचा आला, एमआयटीचा दुसरा.

गोष्ट इथे थांबवली असती तर गोड झाली असती. पण पुढचंही सांगायला हवं. २००६ साली ॲरिझोनात मतदान झालं आणि कागदपत्रं नसलेल्यांना विद्यापीठात स्थानिकांची सवलतीची फी बंद झाली. चौघांतल्या एकाचं इंजिनियरिंगचं शिक्षण त्यात सुटलं. दुसऱ्या एकानं मात्र २००९ साली तिथल्याच राज्य विद्यापीठातून मेकॅनिकल इंजिनियरिंगची पदवी मिळवली. हुशारी चौघांचीही होती, पण वाट सगळ्यांना मिळाली नाही.

म्हणून ताई, मला तुमच्या घराची काळजी वाटते. त्या पोरांची वाट सरकारी कागदानं अडवली. आपल्या पोरांच्या वाटेत तसा कागद नाही. मग त्यांची वाट आपणच का अडवायची?

आणि हे काम परदेशातच होतं असं नाही. पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात पाबळ गाव आहे. मुंबईतली मोठ्या कंपनीतली संशोधकाची नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग तिथे आले आणि १९८३ साली त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. त्यांचं म्हणणं, हातानं काम करता करता डोकं शिकतं. शाळेत मागे पडलेली खेड्यातली मुलं तिथे वेल्डिंग, बांधकाम, वीज, शेती आणि जनावरांची देखभाल शिकू लागली. २००२ च्या सुमारास तिथे संगणकाच्या मदतीनं वस्तू घडवायची प्रयोगशाळा उभी राहिली, तीही याच एमआयटीच्या साहाय्यानं. एवढं मोठं विद्यापीठ आपल्या पाबळला आलं ते हातांची किंमत ओळखून.

सरकारनंही २०१६ पासून शाळांमध्ये अटल टिंकरिंग लॅब काढायला सुरुवात केली. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी ही योजना आहे आणि निवडलेल्या शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान मिळतं. पुढच्या पाच वर्षांत सरकारी शाळांत अशा पन्नास हजार लॅब काढू, असं २०२५ च्या अर्थसंकल्पात जाहीर झालं आहे. तुमच्या शाळेत आहे का, नसेल तर अर्ज केलाय का, हे पालकसभेत उभं राहून विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत.

मात्र वर्ग निघाला म्हणून हुरळू नका. वर्गात जाऊन तीन गोष्टी पाहा. सामान मुलांच्या हातात देतात की कपाटात कुलूप लावून ठेवतात? यंत्र चाललं नाही तर दोष मुलं शोधतात की गुरुजीच हात घालतात? आणि मुलींना पक्कड-पेचकस मिळतो की त्या नुसती वही लिहितात? खोक्यातले तुकडे पुस्तकात बघून जोडले आणि फोटो काढला, एवढंच चालत असेल तर ते खेळणं आहे, शिक्षण नव्हे.

घरी काय कराल तेही सांगतो. एक जुनी पेटी पोराला द्या. बंद पडलेलं खेळणं, तुटका रेडिओ, जुनी मोटार, असलं भंगार त्यात टाका. घरात मुलगी असेल तर तिचाही त्या पेटीवर तेवढाच हक्क. खेळण्यातली छोटी मोटार आणि दीड व्होल्टचे दोन सेल एवढ्यावर पुष्कळ शिकता येतं. एक प्रयोग लगेच होण्यासारखा आहे. दोन खिळे कुंडीच्या मातीत बोटभर अंतरावर रोवायचे आणि त्यातून सेलचा प्रवाह जातो का ते साध्या मीटरनं मोजायचं. माती कोरडी असली की प्रवाह कमी जातो, ओली असली की जास्त. मातीची ओल ओळखून आपोआप पाणी सोडणाऱ्या यंत्राचं मूळ तत्त्व हेच. उद्या तुमच्या ठिबकवर ते बसलं तर ते कळणारा माणूस घरचाच असेल.

नियम मात्र कडक ठेवा. घरातल्या बोर्डाला आणि विहिरीवरच्या स्टार्टरला मोठ्या माणसाशिवाय हात लावायचा नाही. मोबाईलच्या बॅटरीला भोक पाडायचं नाही, ती पेट घेते. औषध भरलेला पंप धुतल्याशिवाय उघडायचा नाही. चालू वस्तू विचारल्याशिवाय उघडायची नाही. आणि जे उघडलं ते पुन्हा जोडून दाखवायचं. खरी परीक्षा तीच.

तेव्हा ताई, बाजू कुणाचीच घेऊ नका. फवारणी उरकली की एका संध्याकाळी पंप स्वच्छ धुऊन ओट्यावर ठेवा. मालकांनी शेजारी बसायचं, पोरानं उघडायचा आणि पाणी कसं ओढलं जातं ते बापाला समजावून सांगायचं. मग पुन्हा जोडायचा. चालला तर पाठीवर थाप. नाही चालला तर दोघांनी मिळून खोट शोधायची. मार खाल्लेलं पोर त्या रात्री बापाच्या शेजारी बसून जेवेल.

पंप चालला की नाही ते कळवा बरं का. वाट पाहतो.