‘स्वयंसेविका’ या शब्दाची किंमत कोण मोजते?

२००५ साली आशा योजना आली. बाई गावातच राहणारी हवी, शक्यतो गावची सून, म्हणजे ती गाव सोडून जाणार नाही. तिला नाव दिले ‘स्वयंसेविका’. या एका शब्दात शासनाचे केवढे पैसे वाचले! स्वयंसेविकेला किमान वेतन नको, भविष्य निर्वाह निधी नको. दुसरीच्या बाळंतपणासाठी रात्री-अपरात्री धावणाऱ्या बाईला स्वतःच्या बाळंतपणाची पगारी रजा नाही.

मोबदला मिळतो तो कामागणिक. बाळाच्या जन्मानंतर ४२ दिवसांत सहा गृहभेटी, त्यांचे २५० रुपये. एका भेटीचे जेमतेम ४२ रुपये झाले. जननी सुरक्षा योजनेत ग्रामीण भागात ६०० रुपये ठरले: निम्मे गरोदरपणातल्या तपासण्यांचे, निम्मे दवाखान्यातल्या बाळंतपणाचे. पण पहिले बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. बाई माहेरी गेली की सासरच्या आशाचे निम्मे पैसे गेले. महिन्याला हाती किती पडणार हेच माहीत नसेल, तर तिने बचत गटाचा हप्ता कशाच्या भरवशावर ठरवायचा?

दर वाढलेच नाहीत असे नाही. केंद्राने नियमित कामांचा मोबदला २०१८ मध्ये १००० वरून २००० केला, २०२५ मध्ये ३५०० केला. महाराष्ट्रात २०२३ च्या संपात ७००० रुपये वाढीचे आश्वासन मिळाले. ते कागदावर येईना म्हणून २०२४ च्या सुरुवातीला पुन्हा संप करावा लागला. मार्चमध्ये शासन निर्णय निघाला, तो ५००० चा. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला. गौरवाने चूल पेटत नाही.

म्हणून केवळ दरवाढ मागून भागणार नाही. दरवाढ शासनाच्या मर्जीवर असते, दर वेळी संप करून ती ओढून आणावी लागते. कामगार म्हणून मान्यता मिळाली तर वेतन, रजा, निवृत्तिवेतन कायद्याने मागता येईल. योजनांत राबणाऱ्यांना कामगार माना, अशी शिफारस भारतीय श्रम परिषदेने २०१३ मध्येच केली होती. अंगणवाडी ताईंचा ग्रॅच्युइटीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये मान्य केला. मग आशाताईंनाच का नाही?

बाईचे घरातले काम फुकट धरले जाते, याविरुद्ध आपण वर्षानुवर्षे बोलत आलो. तेच फुकटचे काम आता उंबऱ्याबाहेर, सरकारी शिक्क्यानिशी चालले आहे. हा प्रश्न आशांच्या युनियनचा म्हणून बाजूला ठेवू नका. आपल्या प्रत्येक मागणीपत्रात लिहा: आशा कामगार आहे.