डाळीचे पाणी आणि डाळ

गेल्या महिन्यात एक आजी वही घेऊन दवाखान्यात आल्या. यजमानांच्या गालाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन तीन आठवडे झाले होते. तंबाखू-चुन्याची चाळीस वर्षांची सवय त्या गालाला भोवली होती. नाकातील नळीतून दर दोन तासांनी काय दिले, याची नोंद वहीत नेटकी होती. डाळीचे पाणी, भाताची पेज, नारळपाणी. तरीही वजन ४८ किलोवरून ४४ वर आलेले!

"दुधाने जखमेत पू होतो, असे शेजारी म्हणतात," आजी म्हणाल्या.

पू जंतूंमुळे होतो, दुधामुळे नव्हे. उलट जखम भरते ती प्रथिनांनीच, आणि डाळीच्या पाण्यात डाळ जवळजवळ नसतेच. अशा रुग्णाला दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने व २५ ते ३० कॅलरी लागतात. म्हणजे आजोबांना साठ-सत्तर ग्रॅम प्रथिने. पेलाभर दुधातून सहा-सात ग्रॅम मिळतात, उकडलेल्या एका अंड्यातून सहा. घट्ट वरण, दुधातले नाचणीसत्त्व, डाळ्याचे पीठ, चमचाभर तेल, दुधाची पावडर हे सारे मिक्सरमधून काढून, बारीक गाळून नळीतून देता येते. मात्र मूत्रपिंडाचा विकार वा मधुमेह असेल, तर प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे. आणि ज्याच्या पोटात बरेच दिवस काहीच नीट गेलेले नाही, त्याचा आहार एकदम नव्हे, हळूहळू वाढवावा.

घाई यासाठी की, शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार लागणार असतील, तर ते साधारण सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावेत, अशी अपेक्षा असते. जखम उघडी राहिली, की ती तारीख पुढे जाते. आजोबांच्या हाती तीनच आठवडे उरले होते.

नळीतून देताना रुग्णाला बसते करावे, नंतरही अर्धा-पाऊण तास आडवे करू नये. नाकाजवळची खूण सरकलेली दिसली किंवा ठसका लागला, तर थांबून रुग्णालयाला विचारावे. शेवटी थोडे पाणी सोडून नळी स्वच्छ करावी. तोंडाने घोटभर पाणी देण्याचा मोह शल्यचिकित्सकांनी परवानगी देईपर्यंत टाळावा. पातळ पाणीच श्वासनलिकेत चटकन उतरते.

निघताना मी सहज विचारले, "तुम्ही काय जेवता?"

"तीच पेज. त्यांच्यासमोर भाकरी कशी मोडू?"

आजींचेही वजन करून वहीत लिहिले.