अमेरिकेने हात आखडला. आपल्या मेडिकल कॉलेजांतल्या संशोधनाचं काय होणार?

एचआयव्हीची लागण असलेल्या आईला बाळ झालं, की त्या बाळाला जन्मल्यानंतर काही आठवडे रोज औषधाचा डोस दिला जातो. आईच्या दुधातून होणारी लागण टळावी, हा त्यामागचा हेतू. पूर्वी नेव्हिरापीन या औषधाचा जन्मानंतरचा एकच डोस मिळत असे. तो पुरेसा आहे का, हा प्रश्न ज्या अभ्यासांनी तपासला, त्यातल्या एका अभ्यासाचं केंद्र पुण्याचं बी. जे. मेडिकल कॉलेज होतं. इथिओपिया, भारत आणि युगांडात मिळून झालेला हा अभ्यास २००८ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. एकाच डोसऐवजी सहा आठवडे औषध दिल्यावर, सहाव्या आठवड्यापर्यंत लागण होण्याचं प्रमाण ५.३ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आलं होतं. मात्र औषध थांबल्यावर पुढच्या महिन्यांत हा फरक कमी होत गेला. त्यामुळे दूध पाजण्याच्या काळात संरक्षण जास्त दिवस हवं, हा विचार पुढे आला.

आता दुसरा प्रश्न. या अभ्यासातल्या तपासण्या, नर्स, समुपदेशक आणि बाळांच्या वारंवार होणाऱ्या भेटी यांचा खर्च कोणी केला? मुख्यतः अमेरिकी सरकारच्या ‘नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ’ म्हणजे एनआयएच या संस्थेने.

कॉलेजच्या स्वतःच्या बजेटबाहेरून, ठरावीक प्रश्नासाठी आणि ठरावीक मुदतीसाठी मिळणाऱ्या अशा पैशाला बाह्य अनुदान किंवा ग्रँट म्हणतात. जगभरातलं विद्यापीठीय वैद्यकीय संशोधन मोठ्या प्रमाणात त्यावरच चालतं. हा पैसा आटला तर काय होतं, हे २०२५ मध्ये सगळ्यांना दिसलं.

२०२५ मध्ये नेमकं काय झालं?

एनआयएचचं वार्षिक बजेट सुमारे ४८ अब्ज डॉलर, म्हणजे अंदाजे ४ लाख कोटी रुपये. यातला ८० टक्क्यांहून अधिक पैसा बाहेरच्या विद्यापीठांना आणि संस्थांना जातो. ७ फेब्रुवारी २०२५ रोजी एनआयएचने जाहीर केलं, की ‘अप्रत्यक्ष खर्चा’साठी यापुढे सरसकट १५ टक्केच मिळतील. त्याआधी हा दर सरासरी २७-२८ टक्के होता आणि काही मोठ्या विद्यापीठांत ६० टक्क्यांच्या वर होता.

अप्रत्यक्ष खर्च ही उधळपट्टी आहे असं तुम्हाला वाटू शकतं. पण प्रयोगशाळेची वीज, उणे ८० अंशांचे फ्रीझर, एथिक्स कमिटीचं कार्यालय, हिशेब तपासणारे कर्मचारी हे सगळं याच पैशातून चालतं. संशोधकाचा पगार आणि रसायनं मिळाली, पण फ्रीझरचं बिल भरलं गेलं नाही, तर नमुने वाया जातात. विद्यापीठं आणि राज्यं न्यायालयात गेली आणि या निर्णयाला स्थगिती मिळाली. तरीही अनिश्चितता राहिली.

आपल्यासाठी जास्त महत्त्वाचा निर्णय १ मे २०२५ चा. अमेरिकन विद्यापीठाला मिळालेल्या ग्रँटमधला काही हिस्सा परदेशातल्या भागीदार संस्थेला उप-अनुदान म्हणून दिला जातो. नवी पद्धत तयार होईपर्यंत अशी परदेशी उप-अनुदानं असलेले प्रस्ताव नव्याने मंजूर करणार नाही आणि जुन्यांचं नूतनीकरणही करणार नाही, असं एनआयएचने कळवलं. भारतातल्या कितीतरी केंद्रांना अमेरिकी पैसा याच वाटेने येत होता.

पुण्याने हे आधी पाहिलं आहे

परदेशी निधी आटण्याची ही पहिली वेळ नाही. १९५२ मध्ये आयसीएमआर (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद) आणि अमेरिकेतील रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून पुण्यात ‘व्हायरस रिसर्च सेंटर’ सुरू केलं. डास-गोचिडांमार्फत पसरणाऱ्या विषाणूंचा जगभर शोध घेण्याच्या रॉकफेलरच्या मोहिमेचा तो भाग होता. याच केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलातून ‘माकडतापा’चा विषाणू शोधला. १९६७ मध्ये रॉकफेलर बाहेर पडलं.

केंद्र मात्र बंद पडलं नाही, कारण आयसीएमआरने खर्च उचलला. १९७८ मध्ये त्याचं नाव ‘राष्ट्रीय विषाणू संस्था’ म्हणजे एनआयव्ही झालं. २०२० मध्ये कोरोनाचा विषाणू भारतात पहिल्यांदा वेगळा केला तो याच संस्थेने, आणि कोव्हॅक्सिन लस तयार झाली तीही इथल्याच विषाणूपासून.

म्हणजे बाहेरचा पैसा घेण्यात काही गैर नाही. तो जाणार आहे हे मात्र धरून चालायला हवं. तो गेल्यावर माणसं, प्रयोगशाळा आणि प्रश्न विचारण्याची सवय मागे उरते का, हे महत्त्वाचं.

दुसरा मुद्दा प्रश्न कोणाचा, हा. माकडताप २०१६ पासून सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग भागातही आढळतो आहे. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातही त्याचे रुग्ण सापडले. जुन्या लसीची परिणामकारकता कमी पडल्याने तिचा वापर थांबला. हा आजार न्यूयॉर्कमध्ये नाही, त्यामुळे त्याची लस तिथल्या करदात्याच्या यादीत वर असेल अशी अपेक्षाच चुकीची. आपल्या काजूच्या बागांतल्या मजुरांचे प्रश्न आपल्याच पैशाने सोडवावे लागतील.

भारतात पैसा आहे का?

आहे, पण कमी आहे. भारताचा संशोधनावरचा एकूण खर्च जीडीपीच्या सुमारे ०.६४ टक्के आहे. आयसीएमआर ज्याच्या अखत्यारीत येते त्या आरोग्य संशोधन विभागाची २०२५-२६ ची तरतूद सुमारे ३,९०० कोटी रुपये होती. एनआयएचच्या तुलनेत ही रक्कम शंभरावा भाग आहे. इतर विभागही पैसे देतात, तरी अंतर मोठंच राहतं. मुख्य वाटा अशा:

• आयसीएमआर: बाहेरच्या संस्थांतील संशोधकांसाठी २ कोटींपर्यंतची छोटी आणि २ ते ८ कोटींची मध्यम अनुदानं. एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांसाठी दोन महिन्यांची स्टुडंटशिप. सुरुवात करायला ही सर्वात ओळखीची जागा.

• डीबीटी-वेलकम इंडिया अलायन्स: केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट यांची भागीदारी. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिच्या तिसऱ्या टप्प्याला १,५०० कोटी मंजूर झाले. त्यात केंद्राचे १,००० आणि वेलकमचे ५०० कोटी. रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरांसाठी आणि सार्वजनिक आरोग्यासाठी इथे वेगळ्या फेलोशिप आहेत.

• अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन: २०२३ च्या कायद्याने स्थापन. २०२३ ते २०२८ साठी ५० हजार कोटींचं उद्दिष्ट. पण त्यातले केंद्राचे १४ हजार कोटी. बाकी उद्योग, देणगीदार यांच्याकडून येणं अपेक्षित आहे. म्हणून ५० हजारांचा आकडा वाचताना हा तपशील विसरू नका.

• सीएसआर: मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. सार्वजनिक निधीवर चालणाऱ्या विद्यापीठांतलं संशोधनही या यादीत बसतं. ही वाट आपल्याकडची कॉलेजं फारच कमी वापरतात.

खरी अडचण कुठे आहे?

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत भारतातल्या ५७९ वैद्यकीय संस्थांचा दहा वर्षांचा हिशेब मांडला होता. त्यातल्या ३३२ संस्थांमधून, म्हणजे निम्म्याहून अधिक ठिकाणांहून, दहा वर्षांत एकही शोधनिबंध आलेला नव्हता. केवळ २५ संस्थांनी देशातले सुमारे ४० टक्के निबंध लिहिले होते. जिथे प्रश्न विचारायची सवयच नाही, तिथे पैसा वाढवूनही तो पोचत नाही. तो त्याच पंचवीस दारांत फिरत राहतो.

यात सगळा दोष डॉक्टरांचा नाही. सकाळी ओपीडी, दुपारी लेक्चर, रात्री इमर्जन्सी करणाऱ्या सहयोगी प्राध्यापकाने प्रस्ताव कधी लिहायचा? लिहिला आणि मंजूर झाला, तरी पैसा कॉलेजच्या खात्यातून फिरतो. आर्थिक वर्ष संपताना उपयोगिता प्रमाणपत्र वेळेत गेलं नाही, तर पुढचा हप्ता अडकतो. प्रकल्पावर नेमलेल्या नर्सचा पगार थांबतो, ती दुसरीकडे नोकरी धरते आणि गावातल्या रुग्णांचा पाठपुरावा तुटतो. वैज्ञानिकदृष्ट्या चांगले अभ्यास अशा साध्या कारणांनी मरतात. आपल्याकडे संस्थेला मिळणारा ओव्हरहेडचा हिस्साही लहान असतो. त्यामुळे ग्रँटचं काम पाहणारा स्वतंत्र माणूस नेमणं बहुतेक कॉलेजांना जमत नाही.

तुम्ही तरुण डॉक्टर किंवा प्राध्यापक असाल तर

१. जाहिरात आल्यावर प्रश्न शोधू नका. प्रश्न आधी तयार ठेवा. तुमच्या वॉर्डात वारंवार दिसणारी आणि पुस्तकात उत्तर नसलेली गोष्ट हीच तुमची ताकद आहे.

२. आधी छोटा पायलट अभ्यास करा. वर्षाला असे रुग्ण किती येतात, त्यातले किती सहा महिन्यांनी परत येतात, हे आकडे प्रस्तावात असतील तर परीक्षकाचा विश्वास बसतो.

३. संख्याशास्त्रज्ञाला पहिल्या दिवशी भेटा. किती रुग्ण लागतील याचं गणित चुकलं, तर बाकी सगळं चांगलं असूनही प्रस्ताव नाकारला जातो.

४. एथिक्स कमिटीच्या बैठकांच्या तारखा आणि तिची नोंदणी चालू आहे का, हे आधीच पाहा. क्लिनिकल ट्रायल असेल, तर पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआयवर नोंद हवी.

५. परदेशी निधी असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या स्क्रीनिंग समितीची मंजुरी लागते. तिचं काम आयसीएमआर पाहते. ट्रस्ट किंवा खासगी संस्थेला एफसीआरए नोंदणीही लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला आलेली परदेशी रक्कम दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. हे वेळापत्रकात धरा.

६. प्रस्ताव नाकारला गेला तर परीक्षकांचे शेरे जपून ठेवा. नकार हा या कामाचा रोजचा भाग आहे. दुरुस्त करून पुन्हा पाठवा.

७. एकाच दात्यावर अवलंबून राहू नका. मुख्य कर्मचारी एका स्रोतातून आणि तपासण्या दुसऱ्यातून असं वाटून घेता आलं, तर एक नळ बंद झाल्यावर सगळं ठप्प होत नाही.

तुम्ही रुग्ण किंवा नातेवाईक असाल तर

तुम्हाला एखाद्या अभ्यासात सहभागी व्हायला विचारलं, तर सही करण्याआधी चार प्रश्न विचारा. या अभ्यासाला पैसे कोण देतंय? मला त्रास झाला तर उपचार आणि भरपाई कोण देणार? अभ्यास संपल्यावर हे औषध मला मिळेल का? आणि मधेच निधी थांबला तर माझी तपासणी, माझं औषध सुरू राहील का? शेवटचा प्रश्न पूर्वी फारसा कोणी विचारत नसे. २०२५ नंतर तो विचारायलाच हवा. पैसा थांबला म्हणून रुग्णाला वाऱ्यावर सोडता येत नाही, आणि चांगला संशोधक याचं उत्तर आधीच लिहून ठेवतो.

थोडक्यात

अमेरिकेतल्या निर्णयांवर आपलं नियंत्रण नाही. आपल्या हातात तीन गोष्टी आहेत: सरकारी तरतूद वाढावी म्हणून आग्रह धरणं, ग्रँटचं कागदोपत्री काम पाहणारी माणसं कॉलेजांत नेमणं, आणि डॉक्टरांना आठवड्यातला थोडा वेळ संशोधनासाठी राखून देणं. यातल्या शेवटच्या दोन गोष्टींना शेकडो कोटी लागत नाहीत. एखाद्या अधिष्ठात्याने मनावर घेतलं, तर याच वर्षी सुरुवात होऊ शकते.